हृदयविकाराच्या झटक्यानंतरची रक्तबिंबिकारोधक औषधे आणि रुग्णांचा प्रतिसाद : एक विवेचन

सारांश

हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या रक्तबिंबिकारोधक औषधांना सर्व रुग्णांचा प्रतिसाद सारखा नसतो. ही तफावत काही अंशी आनुवंशिक, काही अंशी आजाराच्या अवस्थेशी निगडित आणि काही अंशी औषध नियमित घेण्या-न घेण्याशी संबंधित असते. प्रस्तुत लेखात या तफावतीचे स्वरूप, तिची कारणे आणि तिच्या मापनावर आधारित उपचारांचा अनुभव यांचा परामर्श घेतला आहे. प्रयोगशाळेत मोजला जाणारा प्रतिसाद महत्त्वाचा असला, तरी औषधाच्या सातत्याचा प्रश्न त्याहून अधिक व्यापक आणि समाजाच्या अधिक आवाक्यातील आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : रक्तबिंबिका, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, जनुकीय भिन्नता, औषध-सातत्य

१. प्रस्तावना

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास रुग्णालयातून घरी पाठविताना जी औषधांची चिठ्ठी दिली जाते, तिच्यात बहुधा दोन गोळ्या अग्रक्रमाने असतात. एक ॲस्पिरिनची आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी एका औषधाची. लोकव्यवहारात या गोळ्यांना ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ असे म्हणतात. हे नाव रूढ असले तरी यथार्थ नाही. या औषधांनी रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. रक्तातील बिंबिकांची, म्हणजे सर्वसामान्य व्यवहारात ज्यांना प्लेटलेट्स म्हटले जाते त्या पेशीखंडांची, एकमेकांना चिकटण्याची क्रिया मंदावते. नावातील हा गोंधळ निव्वळ शाब्दिक नाही. रक्त एकदा ‘पुरेसे पातळ’ झाले की गोळी थांबविण्यास हरकत नाही, असा समज त्यातून निर्माण होतो आणि तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

या औषधांविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत वैद्यकीय संशोधनात एक प्रश्न सातत्याने चर्चिला गेला आहे. एकच औषध, एकाच मात्रेत, एकाच आजाराच्या दोन रुग्णांना दिले असता एकाच्या रक्तबिंबिका शांत होतात आणि दुसऱ्याच्या जवळजवळ पूर्वीइतक्याच क्रियाशील राहतात, असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार करताना ‘प्रतिसाद’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. पहिला अर्थ रक्तबिंबिकांचा प्रतिसाद. तो प्रयोगशाळेत मोजता येतो. दुसरा अर्थ रुग्णाचा प्रतिसाद. त्यात औषध मिळणे, ते परवडणे, ते समजणे आणि ते रोज घेणे यांचा समावेश होतो. पहिल्या अर्थाकडे संशोधकांचे लक्ष अधिक गेले, हे स्वाभाविक होते. परंतु दुसऱ्या अर्थाचा विचार केल्याविना पहिल्याचे महत्त्वही नीट उमगत नाही.

२. रक्तबिंबिका आणि गुठळीची निर्मिती

रक्तबिंबिका अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून तुटून निघालेले सूक्ष्म खंड होत. निरोगी व्यक्तीच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्यांची संख्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असते आणि त्यांचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते. त्यांना केंद्रक नसते. इटालियन शास्त्रज्ञ जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली रक्त साकळण्याच्या क्रियेतील त्यांची भूमिका स्पष्ट केली.

जखम झाली असता रक्तवाहिनीची फाटलेली भिंत बुजविणे हे रक्तबिंबिकांचे नैसर्गिक कार्य आहे. हृदयविकाराच्या झटक्यात हेच उपकारक कार्य अपायकारक ठरते. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचलेला मेदयुक्त थर अचानक फुटला की आतील द्रव्ये रक्ताच्या संपर्कात येतात. रक्तबिंबिका त्यास जखम समजून तेथे गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि तयार झालेली गुठळी रोहिणीचा मार्ग अडविते. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसविल्यानंतरही हा धोका संपत नाही, कारण धातूची ती जाळी रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू असते आणि तिच्यावर आतील अस्तराचा थर चढण्यास काही महिने लागतात.

रक्तबिंबिकेस जागृत करणारे संदेश एकापेक्षा अधिक मार्गांनी येतात. थ्रॉम्बॉक्झेन हा एक मार्ग, एडीपी हा दुसरा. याशिवाय थ्रॉम्बिन आणि कोलॅजेन यांचे मार्ग निराळे आहेत. एक मार्ग बंद केला तरी इतर मार्ग खुले राहतात. म्हणूनच झटक्यानंतर सामान्यतः दोन औषधे एकत्र दिली जातात. तसेच औषधाने आपले काम पूर्णपणे करूनही गुठळी होऊ शकते, हेही यातूनच स्पष्ट होते.

३. औषधांची कार्यपद्धती

ॲस्पिरिन हे १८९७ सालापासून ज्ञात असलेले औषध आहे. ते नेमके कसे कार्य करते हे मात्र ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. या संशोधनासाठी त्यांना १९८२ साली सुने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. थ्रॉम्बॉक्झेनच्या निर्मितीसाठी आवश्यक असलेले विकर ॲस्पिरिन कायमचे निकामी करते. रक्तात ॲस्पिरिन जेमतेम काही मिनिटे टिकते. परंतु रक्तबिंबिकेस केंद्रक नसल्याने ती नवे विकर तयार करू शकत नाही आणि तिच्या उर्वरित आयुष्यभर औषधाचा परिणाम राहतो. तथापि दररोज सुमारे १० टक्के रक्तबिंबिका नव्याने रक्तात येत असतात. त्यांच्यावर औषधाचा कोणताही संस्कार झालेला नसतो. गोळी रोज का घ्यावी लागते, या प्रश्नाचे उत्तर इतके साधे आहे.

क्लोपिडोग्रेल, ज्यास अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली, ते एडीपीचा मार्ग अडविते. रक्तबिंबिकेच्या पृष्ठभागावरील पी-२-वाय-१२ नावाच्या ग्राहीशी ते कायमचे जखडले जाते. मात्र गोळीच्या स्वरूपात पोटात जाणारे क्लोपिडोग्रेल स्वतः निष्क्रिय असते. त्यातील सुमारे ८५ टक्के भाग शरीरातील विकरांमुळे वाया जातो आणि उरलेल्या सुमारे १५ टक्के भागाचे यकृतात दोन टप्प्यांत सक्रिय द्रव्यात रूपांतर होते. ज्या औषधाचा एवढा लहान अंश उपयोगी पडतो, त्याच्या परिणामात व्यक्तिपरत्वे मोठा फरक पडावा, यात आश्चर्य नाही.

प्रासुग्रेलचे रूपांतर अधिक सुलभतेने होते. टिकाग्रेलॉर तर रूपांतराविनाच कार्य करते. या दोन्ही औषधांचा परिणाम अधिक जलद, अधिक प्रबळ आणि अधिक एकसारखा असतो. टिकाग्रेलॉर ग्राहीशी कायमचे जखडले जात नाही, त्यामुळे ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते आणि गोळी चुकल्यास त्याचा परिणाम तुलनेने लवकर ओसरतो.

४. सरासरी लाभ आणि व्यक्तिगत प्रतिसाद

ॲस्पिरिनच्या उपयुक्ततेचा निर्णायक पुरावा ‘आयसिस-२’ या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिला. तीत झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण सहभागी होते. ॲस्पिरिन घेतलेल्यांपैकी ९.४ टक्के, तर औषधविरहित गोळी घेतलेल्यांपैकी ११.८ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. याचा अर्थ, दर एक हजार रुग्णांमागे २४ जीव वाचले. एक महिना घेतलेल्या स्वस्त गोळीचा हा परिणाम वैद्यकशास्त्रात असामान्य समजला जातो.

परंतु या आकड्यांतूनच एक तात्त्विक अडचण उभी राहते. वाचलेले ते २४ जण नेमके कोण, हे कोणीही सांगू शकत नाही. तसेच ॲस्पिरिन घेऊनही जे ९४ जण दगावले, त्यांच्यावर औषधाचा परिणाम झाला नाही, असे म्हणणे तर्कदुष्ट ठरेल. अनेकांच्या बाबतीत ॲस्पिरिनने आपले काम चोख केले असेल. मृत्यू हृदयाच्या स्नायूच्या आधीच झालेल्या हानीमुळे ओढवला असेल. औषध असफल होणे आणि औषधाला प्रतिसाद नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच चाचणीच्या संशोधकांनी एक मार्मिक उदाहरण नोंदविले. रुग्णांची विभागणी जन्मराशीनुसार केली असता मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ न होता किंचित अपायच झाला, असे आकडे दर्शवीत होते. इतर राशींच्या रुग्णांना मात्र भरघोस लाभ दिसत होता. राशीमुळे औषधाचा गुण बदलतो असे सुचविण्याचा त्यांचा हेतू अर्थातच नव्हता. मोठ्या समूहाचे लहान लहान तुकडे केले की निव्वळ योगायोगाने कोणत्या तरी तुकड्यात विपरीत निष्कर्ष दिसू लागतो, हा इशारा त्यांना द्यावयाचा होता. ‘अमक्या प्रकारच्या रुग्णांना औषध लागू पडत नाही’ असे विधान करण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा आवश्यक असतो, हे त्यावरून ध्यानात येते.

५. तफावतीचा प्रयोगशाळेतील पुरावा

क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत असा स्वतंत्र पुरावा २००३ च्या सुमारास पुढे येऊ लागला. रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यात एडीपी मिसळून रक्तबिंबिका किती प्रमाणात एकवटतात, हे मोजता येते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटक्यानंतर तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्या ६० रुग्णांची क्लोपिडोग्रेलच्या परिणामानुसार चार गटांत विभागणी करण्यात आली. सर्वांत कमी परिणाम दिसलेल्या गटातील ४० टक्के रुग्णांना सहा महिन्यांत पुन्हा त्याच स्वरूपाचा त्रास झाला. सर्वाधिक परिणाम दिसलेल्या दोन गटांत एकालाही झाला नाही. अभ्यास लहान होता, परंतु त्याने साऱ्या वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

त्यानंतर २००५ मध्ये ५४४ व्यक्तींच्या मापनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. प्रतिसादाचा आलेख उंचीच्या किंवा वजनाच्या आलेखासारखा, म्हणजे मध्यभागी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा आढळला. सुमारे ४.२ टक्के व्यक्तींमध्ये परिणाम अत्यल्प, तर ४.८ टक्के व्यक्तींमध्ये तो अत्यधिक होता. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रुग्णांचे ‘प्रतिसाद देणारे’ आणि ‘न देणारे’ असे दोन कप्पे नसतात. प्रतिसाद ही चढत्या-उतरत्या श्रेणीची बाब आहे. दुसरे असे की, जसा अल्प प्रतिसाद असतो तसा अतिप्रतिसादही असतो आणि त्याची किंमत रक्तस्रावाच्या रूपाने मोजावी लागते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अडॅप्ट-डेस’ या ८,५८३ रुग्णांच्या पाहणीत क्लोपिडोग्रेल घेऊनही ज्यांच्या रक्तबिंबिका अधिक क्रियाशील होत्या, त्यांच्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण सुमारे अडीचपट होते. परंतु त्यांच्यात मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण कमी होते. एका धोक्यापासून दूर जाताना दुसऱ्या धोक्याजवळ जावे लागते, ही या उपचारातील मूलभूत अडचण होय.

६. तफावतीची कारणे

अ) जनुकीय भिन्नता : क्लोपिडोग्रेलचे सक्रिय द्रव्यात रूपांतर करण्यात सीवायपी-२सी-१९ या यकृतातील विकराचा मोठा वाटा असतो. या विकराच्या जनुकाचे एक सदोष रूप १९९४ साली ओळखले गेले. ते रूप वारशाने मिळालेल्या व्यक्तींत रूपांतर मंदावते. माता व पिता या दोघांकडूनही ते आले असल्यास फारच मंदावते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांनी, विशेषतः स्टेंट बसविलेल्या रुग्णांत, या जनुकीय रूपाचा पुन्हा झटका येण्याशी व स्टेंट बंद होण्याशी संबंध दाखविला. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकात याविषयी ठळक चौकटीतील इशारा समाविष्ट केला.

भारतीय उपखंडाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत या सदोष रूपाचे प्रमाण एकूण जनुकप्रतींच्या सुमारे १५ टक्के, तर दक्षिण आशियाई लोकसंख्येत ते सुमारे एक तृतीयांश आढळते. प्रत्येक व्यक्तीकडे जनुकाच्या दोन प्रती असल्यामुळे निम्म्याहून अधिक व्यक्तींकडे किमान एक सदोष प्रत असते. ब्रिटनमध्ये वास्तव्य करणाऱ्या बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या ४४ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, ५७ टक्के व्यक्तींमध्ये या विकराची क्षमता कमी किंवा अत्यल्प आढळली. ज्यांची क्षमता अत्यल्प होती, त्यांना पुन्हा झटका येण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती.

तथापि जनुक म्हणजे नियती नव्हे. अमेरिकेतील आमिश समुदायाच्या ४२९ निरोगी व्यक्तींवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात या सदोष रूपाने क्लोपिडोग्रेलच्या प्रतिसादातील एकूण तफावतीपैकी केवळ १२ टक्के तफावतीचा उलगडा झाला. उर्वरित तफावतीची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

ब) आजार आणि शरीराची अवस्था : मधुमेही रुग्णांच्या रक्तबिंबिका मुळातच अधिक क्रियाशील असतात आणि त्यांची उलाढालही जलद असते; त्यामुळे औषधाचा संस्कार न झालेल्या नव्या रक्तबिंबिकांचे प्रमाण वाढते. शरीराचे वजन, वय आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता यांचाही परिणाम होतो. प्रासुग्रेलच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३,६०८ रुग्णांच्या चाचणीत एकंदर लाभ दिसला. परंतु ७५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या आणि ६० किलोग्रॅमहून कमी वजनाच्या रुग्णांना निव्वळ लाभ झाला नाही आणि ज्यांना पूर्वी पक्षाघात होऊन गेला होता, त्यांना अपायच झाला. ६० किलोग्रॅमहून कमी वजनाचा प्रौढ रुग्ण आपल्याकडे अपवाद नसतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

क) झटक्याचे पहिले काही तास : तीव्र झटक्यात पचनसंस्थेचा रक्तपुरवठा मंदावतो, उलट्या होतात आणि वेदनाशमनासाठी दिलेल्या मॉर्फिनमुळे जठरातील अन्न पुढे सरकण्यास विलंब होतो. परिणामी गोळी गिळूनही औषध रक्तात उशिरा पोहोचते. प्रासुग्रेल व टिकाग्रेलॉर या जलद औषधांनाही अशा वेळी अपेक्षेहून अधिक अवधी लागतो. येथे रुग्णाचे शरीर औषधाला विरोध करीत नसते. औषध इच्छित स्थळी पोहोचलेलेच नसते.

ड) अन्य औषधांचा प्रभाव : आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक ॲस्पिरिनच्या आधी घेतले गेल्यास विकरावरील तीच जागा ते तात्पुरती अडविते आणि ॲस्पिरिनला वाव मिळत नाही, असे २००१ मध्ये दाखविण्यात आले. सांधेदुखीसाठी चिठ्ठीविना वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असलेल्या समाजात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. आम्लपित्तावरील ओमेप्राझोल प्रयोगशाळेत क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोजेन्ट’ चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या घटना वाढल्या नाहीत, उलट पचनमार्गातील रक्तस्राव घटला. ज्यांना पित्तावरील गोळीची गरज आहे त्यांनी ती बंद न करता तिचा प्रकार डॉक्टरांकडून निश्चित करून घेणे इष्ट ठरते.

इ) भासमान प्रतिरोध : ‘ॲस्पिरिनला दाद न देणारे’ रुग्ण पुष्कळ असतात, असा एक समज बराच काळ प्रचलित होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४०० निरोगी स्वयंसेवकांच्या अभ्यासात खरा प्रतिरोध एकाही व्यक्तीत सिद्ध झाला नाही. जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीमुळे औषधाचे शोषण लांबते आणि एकाच वेळी केलेल्या मापनात ते प्रतिरोधासारखे भासते, असे आढळले.

७. मापनावर आधारित उपचार : अपेक्षा आणि अनुभव

प्रतिसाद मोजता येतो, अल्प प्रतिसादाचा धोका ज्ञात आहे आणि अधिक प्रबळ औषधेही उपलब्ध आहेत. तेव्हा मापन करून औषध बदलावे आणि झटके टाळावे, हा विचार तर्कशुद्ध वाटतो. प्रत्यक्ष अनुभव मात्र वेगळा आला. २०११ च्या ‘ग्रॅव्हिटास’ चाचणीत अल्प प्रतिसादाच्या २,२१४ रुग्णांपैकी निम्म्यांना क्लोपिडोग्रेलची दुप्पट मात्रा देण्यात आली. सहा महिन्यांअखेर दोन्ही गटांतील घटनांचे प्रमाण २.३ टक्के असे समानच राहिले. फ्रान्समधील २०१२ च्या ‘आर्क्टिक’ चाचणीत २,४४० रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार मापनानुसार बदलण्यात आले, तरी लाभ झाला नाही. ७५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी २०१६ मध्ये झालेल्या ‘अंटार्क्टिक’ चाचणीचा निष्कर्षही नकारात्मकच होता.

याची कारणे विचार करण्याजोगी आहेत. रक्तबिंबिकांची क्रियाशीलता दिवसागणिक बदलते. एका दिवसाचे मापन वर्षभराचे प्रातिनिधिक ठरत नाही. शिवाय ज्या शरीरात दाह, मधुमेह आणि रोहिण्यांचा व्यापक विकार आहे, तेथे रक्तबिंबिकांची वाढलेली क्रियाशीलता हे अंशतः धोक्याचे कारण आणि अंशतः धोक्याचे केवळ लक्षण असते. लक्षण दुरुस्त केल्याने मूळ कारण नाहीसे होत नाही.

यानंतर संशोधनाची दिशा काहीशी पालटली. प्रबळ औषधाने आरंभ करून, ज्यांना त्याची आवश्यकता नाही त्यांना मापनाच्या वा जनुकीय तपासणीच्या आधारे क्लोपिडोग्रेलवर आणणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न पुढे आला. २०१७ च्या ‘ट्रॉपिकल-एसीएस’ चाचणीत २,६१० रुग्णांवर हा मार्ग नेहमीच्या उपचारापेक्षा कमी प्रतीचा ठरला नाही. नेदरलँड्समध्ये प्रामुख्याने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉप्युलर जेनेटिक्स’ चाचणीत, तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्या २,४८८ रुग्णांत, जनुकीय तपासणीनुसार औषध निवडल्याने झटक्यांपासूनचे संरक्षण कायम राहिले आणि रक्तस्राव १२.५ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आला. तपासणीचा अधिक सिद्ध झालेला उपयोग रक्तस्राव टाळण्यात आहे, हा या संशोधनाचा इत्यर्थ होय. ज्या लोकसंख्येत सदोष जनुकरूप विपुल आहे, तेथे क्लोपिडोग्रेलवर येऊ शकणाऱ्यांची संख्या तुलनेने कमी असेल, हे मात्र हा निष्कर्ष भारतास लागू करताना विसरता कामा नये.

८. रुग्णाचे वर्तन आणि सामाजिक परिस्थिती

जी गोळी घेतलीच जात नाही, तिला शून्य प्रतिसाद असतो. हे विधान उघड असले तरी त्याची व्याप्ती सहज ध्यानात येत नाही. अमेरिकेतील ‘प्रीमियर’ नोंदणीतून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटक्यानंतर औषधलेपित स्टेंट बसविलेल्या ५०० रुग्णांपैकी ६८ जणांनी, म्हणजे सुमारे सातांपैकी एकाने, क्लोपिडोग्रेलच्या वर्गातील औषध ३० दिवसांच्या आत थांबविले होते. पुढील ११ महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ७.५ टक्के होते. औषध चालू ठेवणाऱ्यांत ते ०.७ टक्के होते. औषध थांबविणाऱ्यांची प्रकृती मुळातच अधिक नाजूक असू शकते, म्हणून हा सारा फरक औषधाचाच मानता येणार नाही. तरीही औषध थांबविणारे कोण होते, याची नोंद बोलकी आहे. ते वयाने अधिक होते, त्यांचे शालेय शिक्षण अपूर्ण राहिलेले असण्याचे प्रमाण जास्त होते, खर्चामुळे वैद्यकीय सेवा टाळणारे त्यांच्यात अधिक होते आणि घरी जाताना औषधांविषयी सूचना मिळालेले कमी होते.

भारतातील चित्र दोन अभ्यासांतून स्पष्ट होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत देशातील ५० शहरांमधील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांचा समावेश होता. रुग्णालयात जवळजवळ सर्वांनाच रक्तबिंबिकारोधक औषध मिळाले होते. तरीही ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के आणि सधन रुग्णांत ५.५ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. दुसरा अभ्यास ‘प्युअर’ हा १७ देशांतील असून तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्या आणि समाजात वावरणाऱ्या व्यक्तींपैकी रक्तबिंबिकारोधक औषध घेणाऱ्यांचे प्रमाण उच्च उत्पन्नाच्या देशांत ६२ टक्के आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत, ज्यांत त्या वेळच्या वर्गवारीनुसार भारतही होता, केवळ ८.८ टक्के आढळले. दोन्ही अभ्यासांतील लोकसमूह भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु रुग्णालयाच्या आत सर्वांना मिळणारे औषध रुग्णालयाबाहेर, काही वर्षांच्या अवधीत, बहुतेकांच्या हातून निसटते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

ते का निसटते, याची कारणे आपल्या परिसरात सहज आढळणारी आहेत. छातीतील वेदना थांबल्या की आजार संपला असे वाटते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळे-निळे डाग पडणे यांची धास्ती वाटते. टिकाग्रेलॉरमुळे काहींना धाप लागते. २००९ च्या ‘प्लेटो’ चाचणीत हे प्रमाण १३.८ टक्के होते, तर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ७.८ टक्के. हृदयरोग पुन्हा बळावला असे समजून रुग्ण घाबरतो किंवा गोळी बंद करतो. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी पित्त होईल म्हणून गोळी टाळली जाते. ऊसतोडणीसाठी किंवा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या मजुराची चिठ्ठी गावी राहते. एकाच औषधाची अनेक व्यापारी नावे असल्याने दुकान बदलले की गोळीचा रंग बदलतो आणि रुग्णाचा गोंधळ उडतो. दोन वा तीन औषधे एकाच कॅप्सूलमध्ये असण्याची पद्धत सोयीची आहे, परंतु ती एक कॅप्सूल थांबली की सारेच संरक्षण एकदम थांबते.

९. व्यवहारोपयोगी काही बाबी

सामान्यतः दोन औषधे एक वर्षपर्यंत आणि त्यानंतर एक औषध दीर्घकाळ चालू ठेवले जाते. रक्तस्रावाचा धोका अधिक असल्यास डॉक्टर हा कालावधी कमी करतात. डॉक्टरांनी विचारपूर्वक थांबविलेले औषध आणि रुग्णाने परस्पर सोडलेले औषध यांत मोठा भेद आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरिस’ नोंदणीत धोका प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात आणि रक्तस्रावामुळे औषध अचानक तोडावे लागलेल्या रुग्णांत वाढलेला दिसला.

दात काढण्यासारख्या लहान प्रक्रियेसाठी ही औषधे सहसा थांबवावी लागत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी क्लोपिडोग्रेल सुमारे ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबविण्याचा प्रघात आहे. परंतु स्टेंट नुकताच बसविलेला असल्यास हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या संमतीविना घेऊ नये. एखादी गोळी चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. काळ्या रंगाची शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे किंवा न थांबणारा रक्तस्राव होणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय साहाय्य घ्यावे. धाप लागल्यास गोळी परस्पर न सोडता डॉक्टरांना सांगावे, कारण पर्यायी औषध उपलब्ध असते.

१०. समारोप

रक्तबिंबिकारोधक औषधांना मिळणाऱ्या प्रतिसादाच्या अभ्यासाने औषधशास्त्रास एक मोलाचा धडा दिला आहे. सर्वांना एकच मात्रा या पद्धतीमागे सर्व शरीरे समान आहेत असे जे गृहीत धरलेले असते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. दक्षिण आशियाई लोकसंख्येतील जनुकीय वस्तुस्थिती पाहता क्लोपिडोग्रेलच्या निवडीविषयी भारतात स्वतंत्र व विस्तृत संशोधनाची गरज आहे, यात शंका नाही. त्याच वेळी अल्प प्रतिसादाचे खापर जनुकावर फोडण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. रुग्णाला गोळी मिळते काय? ती कशासाठी आहे हे त्यास समजले आहे काय? तो ती रोज घेतो काय? सोबत अन्य कोणती औषधे घेतो?

या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास महागड्या यंत्राची आवश्यकता नाही आणि ती शोधण्याचे काम केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचे नाही. रुग्ण औषध का सोडतो, हा समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. त्यास औषधाची चिठ्ठी समजेल अशा मराठीत कशी लिहावी, हा भाषेचा प्रश्न आहे. प्रतिसादाचे मापन आणि योगायोग यांत भेद कसा करावा, हा संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील हृदयरुग्णांच्या घरी जाऊन ते कोणत्या गोळ्या घेतात आणि कोणत्या सोडल्या आहेत, एवढी नोंद विद्यार्थ्यांनी काळजीपूर्वक केली आणि औषध सोडलेल्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविले, तरी काही रुग्णांची खंडित झालेली औषधे पुन्हा सुरू होऊ शकतील.